नारळावरची एरियल

११ नोव्हेंबर

आज नझीरनं गाडीचं गलबत केलं! मनालच्या जुन्या जिप्सीच्या टपावर होडीची ती लांब पांढरी एरियल उभी. लोकांना वाटायचं, ह्या सुरय्याची नात रस्त्यावर सुरमई धरायला निघाली.

नझीर, माझ्याकडे काय बघतोस? लिही. गुडघा गेला, होडी विकलीस, हात तर शाबूत आहेत ना? मला अक्षर येत नाही म्हणून लेकाला कामाला लावलंय. मी बोलते, तो लिहितो, मग वाचून दाखवतो. शब्द गाळला की मला कळतं.

तर — माझी मनाल गुरांची डॉक्टर झाली. आमच्या घराण्यात पहिली. येत्या जूनपासून लांज्याच्या आतल्या गावांत काम आहे. गाडी घेऊन एकटीनं फिरायचं. तिच्या बापाचं, ह्या नझीरचं, एकच पालुपद — तिथं मोबाईलला रेंज नाही, एकटी जायची नाही. आणि आज स्वतःच होडीवरचा वायरलेस पेटीतून काढून गाडीला लावत बसला. म्हणजे लोखंड नरमलं.

१२ नोव्हेंबर

एरियल उतरली. मनाल म्हणाली, तो सेट दर्यावरचा, जमिनीवर वापरायला बंदी. नझीर तणतणला, हवा काय कुणाच्या बापाची? सरकारची निघाली.

१७ नोव्हेंबर

पोरगी माझ्यावर गेलीय. कॉलेजात असतानाच तिनं हौशी रेडिओवाल्यांची परीक्षा दिलेली, परवाना काढलेला, आणि घरात चकार शब्द नाही! आज त्या लोकांचा सेट तिनं स्वतः गाडीत बसवला. थेट बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीला लागूनच फ्यूज, टपावर हातभर एरियल. मी अंगणात खुर्ची टाकून बघत होते. नझीर तीनदा मध्ये हात घालायला गेला. तीनदा तिनं त्याला पाना आणायला पाठवलं.

पण घरीही एक सेट हवा, आणि त्याच्यासमोर बसणारा परवानेवाला. म्हणजे नझीरनं परीक्षा द्यायची, तरच पोरगी जाणार. वय छप्पन्न, शाळा आठवी! सून महरीन पदराआड हसली. मी उघड हसले.

८ डिसेंबर

अभ्यास चालू. मनाल विचारते, तो उत्तर देतो, मी मासे साफ करता करता ऐकते. एक नियम मला फार आवडला — आधी ऐकायचं, कुणी बोलत नसेल तर मग बोलायचं. छप्पन्न वर्षं मी हेच सांगतेय. सरकारनं सांगितल्यावर पटलं.

अक्षरांना त्यांच्याकडे नावं आहेत. अल्फा, ब्राव्हो, चार्ली. मला सगळी पाठ झाली. नझीर मध्येच अडकतो, मग मी पुढचं सांगते. अक्षर एकही ओळखत नाही, नावं सगळ्यांची ठाऊक. गावातल्या अर्ध्या सुनांचं माझं असंच आहे.

१९ जानेवारी

परीक्षेला मुंबईला गेला. निघताना पाया पडला. तोंड असं की जणू सुंता करून घ्यायला चाललाय. (हे पण लिही.)

१४ फेब्रुवारी

नापास.

१५ फेब्रुवारी

मनाल अंगणात गेली. गाडी धुतली, पुसली, वर कापड घातलं. मला ते बघवेना.

नझीर, आजचं नीट लिही. घरी तिनं पन्नास प्रश्न विचारले, तुझे अठ्ठेचाळीस बरोबर. मी बोटांवर मोजलेत. आणि मुंबईत जाऊन, फ्यूज कुठे लावायचा तेही विसरलो म्हणतोस? तू मुद्दाम चुकलास.

पेन थांबलंय. मला ऐकू येतं ते. लिही.

मग कागदावर खरखर झाली. काय लिहिलंस म्हटलं, तर वाचून दाखवलं —

"मुद्दाम चुकलो, अम्मी. ते तीन दिवस अजून आठवतात."

१६ फेब्रुवारी

ते तीन दिवस मलाही आठवतात. वादळ उठलं, तुझ्या अब्बांची होडी बाहेर, तेव्हा होडीवर कसला सेट नि कसलं काय. तू नऊ वर्षांचा. बंदरावरून हलायला तयार नव्हतास, तुझं जेवण मी तिथं आणत होते. चौथ्या दिवशी ते आले, भिजलेले, आणि पहिलं काय विचारलं तर कालवण कसलं केलंयस.

मग तूही दर्यात गेलास. मी कधी तुझी वाट अडवली? भीती मलाही वाटायची. भीती माझी होती, ती मी तुझ्या गळ्यात नाही बांधली.

आता पुढची परीक्षा कधी आहे, ती तारीख इथं लिही.

२२ मार्च. (त्यानं लिहिली.)

२२ मार्च

रोजे चालू. उपाशीपोटी पेपर देऊन आला. खजूर पुढे केले.

१७ एप्रिल

पास! माझा लेक पास!! शेजारीपाजारी, पावस गावच्या नणंदेला फोन. मनालनं त्याला सलाम ठोकला. तो आंब्याच्या पेट्यांआड जाऊन डोळे पुसून आला, म्हणे गवत गेलं.

२५ मे

परवाना आला. नारळ उतरवायला भिकाजी आला होता, त्यालाच एरियल घेऊन वर चढवलं. तो म्हणाला, चाची, चाळीस वर्षांत नारळाला पहिल्यांदा काही लावून आलो.

मनाल गाडी घेऊन निघाली. पावसपर्यंत आवाज खणखणीत. लांज्याकडे नुसती खरखर. मग भिकाजी परत चढला, एरियल बांबूवर आणखी चार हात वर नेली, आणि आली की गो तिची हाक! नझीर असा काही बोलला, जणू परत होडीवर उभा आहे. मला बोलायचा परवाना नाही. ऐकायला कान पुरतात, ते मी जन्मभर वापरलेत.

४ जून

नझीर, हे सेटवर ऐकून लिही. मी बोलते, मनाल माझे शब्द तुला सांगतेय. तुला न सांगता गाडीत बसले. लांजा मागे पडलं. एक म्हैस अडली होती, मनालनं सोडवली, पारडू उभं राहिलं. कालवण झाकून ठेव, सांजेच्या आत येतो. आणि बंदरावर जाऊ नकोस, सेटसमोर बस. आज वाट बघायची पाळी तुझी. ओव्हर.