हार्लोच्या शाळेसाठी एक हात

२० फेब्रुवारी, गुरुवार
जायचंच! बहिणीचा फोन आला, कोरीनचा. चार मार्चला गावसभा. शाळेचं बजेट मतदानात पडलं तर आमच्या हार्लो गावची शाळा बंद. मग तिची ओडेट आणि बाकीची पोरं बसने डोंगरापलीकडे – जाऊन-येऊन दोन तास. भाची माझी सात वर्षांची आहे! कोरीन म्हणाली, "तू बस तिकडे टेक्सासात तेल काढत. आपल्याकडे मत पोस्टाने चालत नाही. हात वर करायला माणूस लागतो."

२२ फेब्रुवारी
फोरमन रस्टी – "नववीत शाळा सोडलीस, आणि शाळेसाठी रजा?" सगळे हसले. हसा. दहा दिवस मिळाले.

२५ फेब्रुवारी
शेजारच्या ओरिनकाकांना फोन केला. गाई विकल्या, घर तेवढं उरलंय. ते विरोधात.
"सगळ्या गावांची शाळेची घरपट्टी राज्याच्या एका हौदात जाते रे. बर्फावर स्की खेळायला येणाऱ्या पैसेवाल्यांनी इथे बंगले बांधले, माझ्या घराची किंमत वाढली. झालो आपण श्रीमंत गाव! भरायचं आपण, न्यायचं दुसऱ्यांनी."
म्हटलं, काका, गेल्या वर्षी खर्च वाचवायला शाळेतल्या गाण्याच्या बाई काढल्या. तुमची पट्टी उतरली?
काका म्हणाले – "वाढली, मेली."
तेच तर! सगळ्या राज्याचा खर्च वाढला की आपला दरही चढतो. आपण एकट्याने पोट आवळून किती उतरणार? हे कोरीनने तीन फोनांत माझ्या डोक्यात घातलं. आई याच शाळेत शिकत होती तेव्हा हौद नव्हता, गावात पट्टी लावण्यासारखं काही नव्हतं आणि वर्ग गळायचा. छत हौदाच्या पैशांतून आलं. तेही काकांना ऐकवलं.
"ये तर खरा," म्हणाले.

२ मार्च
गाडीतच. टेनेसी संपता संपत नाही.

४ मार्च, मंगळवार, संध्याकाळ
बर्फात अडकलो. पोचलो तेव्हा सभा जेवायला उठलेली. दारातच घोळ! गावच्या क्लार्क लॅडबाईंनी यादीवर दोनदा बोट फिरवलं – माझं नावच नाही. टेक्सासचं लायसन्स काढताना न वाचता एका चौकोनात खूण केली होती. मतदार तिकडचा झालो!
"आजही नाव घालता येतं," बाई म्हणाल्या. "उजवा हात वर करून 'मी इथेच राहतो' अशी शपथ घ्यायची. पण राहतोस कुठे तू? पाहुणा असशील तर नको, पोरा. खोटी शपथ मी देणार नाही."
येत्या सोमवारी तिकडे टेक्सासात कामाची पाळी होती माझी. उभाच राहिलो.
मागून ओरिनकाका ओरडले, "घे, नाहीतर बाजूला हो! बीन्स गार होतायत!"
शपथ घेतली.
जेवणानंतर मतदान. सत्त्याऐंशी विरुद्ध त्रेसष्ट. शाळा राहिली! कोरीन रडली. ओरिनकाकांनी कुठल्याच बाजूला हात केला नाही.
माझं मत नसतं तरी चाललं असतं.

५ मार्च
रस्टीला फोन केला. म्हटलं, कामगारांच्या खोलीतला माझा पलंग दुसऱ्या कुणाला दे, मी परत येत नाही. "का रे? जिंकलात ना?" जिंकलो. पण इथे राहतो अशी शपथ घेतलीय मी.