निळ्या शर्टातलं लॉक

कुरखेडा
१८ जानेवारी २००४

चि. रिना,

सप्रेम जयभीम. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या सासूचा गुडघा थंडीने दुखतो, एवढंच. पोंभुर्ण्याला तुझ्या आईबाबांना जयभीम सांग.

पत्र आपल्या टायपिंगच्या दुकानासाठी लिहितो आहे. नागपूरचा सॉफ्टवेअरवाला सारखा फोन करतो. मराठी टायपिंगचं आपलं व्हर्जन कंपनी बंद करते आहे. महिनाअखेरपर्यंत अपग्रेड घेतलं तर स्वस्तात, नंतर पूर्ण किंमत. सोबत वर्षाचा मेंटेनन्सही घ्या म्हणतो.

माझी सगळी नोकरी लाकूड डेपोत झाली, मला यातलं कळत नाही. मागे प्रफुलने मेंटेनन्स घेतला तेव्हा त्यांचा माणूस एकदाच आला, धूळ पुसून, चहा पिऊन गेला. "याच्यापेक्षा माझी बायको बरी दुरुस्त करते," असं प्रफुल सगळ्यांना सांगायचा. तेव्हा मेंटेनन्स नको. पण अपग्रेडचं ठरत नाही. कॉम्प्युटर सुरू करून पाहतो, तर मधेच बंद पडतो. नवीन घेतला तर त्यावर जुनं व्हर्जन चालणार नाही म्हणतात.

काल दसरूभाऊ घरी आले. "बाबूजी, पोरीचं लगन हाय. पत्रिकेसाठी वडशाले काऊन जाऊ? रिनाबाई कधी येऊन राह्यली?"

मी म्हटलं, विचारतो.

"दिवाळीपासून विचारूनच राह्यले तुमी!"

नागपूरवाला प्रत्येक वेळी म्हणतो, "काका, प्रफुलभाऊले द्या ना फोन." मी सांगतो, तो पोंभुर्ण्याला गेला आहे. परवा तो हसला. "किती दिवस सासुरवाडीत राह्यते हा माणूस?" मी फोन ठेवून दिला.

आता मुद्द्याचं. अपग्रेडसाठी जुनं लॉक कंपनीला परत द्यावं लागतं. तेच, कॉम्प्युटरच्या मागे लावायचं, आगपेटीएवढं. त्याच्याशिवाय मराठी अक्षर उमटत नाही. चोरीच्या भीतीने प्रफुल ते रोज काढून शर्टाच्या खिशात घरी आणायचा. दवाखान्यात नेलं तेव्हा त्याच्या अंगात तोच निळ्या चौकडीचा शर्ट होता. माहेरी जाताना तो तू खिशातल्या लॉकसकट बॅगेत ठेवलास हे तुझ्या सासूने पाहिलं होतं. आम्ही परत मागितला नाही. शटर तेव्हापासून बंद आहे.

लॉक पाठव, असं लिहायला बसलो होतो. पण टायपिंग तुलाच येतं. तू येणार नसशील तर नवीन व्हर्जन मी कोणासाठी घेऊ? तुझ्या भावाने स्थळ आणल्याचं कानावर आलं आहे. तू सव्वीस वर्षांची आहेस. घर मांडायचं असेल तर मांड, आमची आडकाठी नाही. मग लॉक कोणालाच देऊ नकोस, मी अपग्रेडला नाही म्हणून सांगतो. आणि यायचं असेल तर लॉक स्वतः घेऊन ये. अपग्रेड तुझ्या नावावर घेऊ. शर्ट मात्र कसंही ठरलं तरी तुझाच.

सासूला विचारून उत्तर देऊ नकोस, मलाही विचारून नको.

उद्या नागपूरवाल्याचा फोन येईल. आमचा प्रफुल सप्टेंबरात तापाने वारला, हे मी त्याला सांगणार आहे. आजपर्यंत तोंडातून निघालं नाही. आधी तुला लिहून पाहिलं.

तू काहीही ठरव, तरी तुझाच
बाबा