तीसपैकी तीस

७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ८.
आरोग्य केंद्राची चिठ्ठी. पासष्टच्या पुढच्यांची स्मरणशक्ती तपासणार. माझी! बत्तीस वर्षं स्फाक्सचा स्टेशनमास्तर होतो, ट्युनिसच्या गाड्यांचं टाइमटेबल आजही तोंडपाठ. दलिला म्हणाली, "फुकट आहे, जाऊन ये." बायकोच्या समाधानासाठी जातो. निश्चय : तीसपैकी तीस.

९ ऑक्टोबर, बुधवार.
शेजारच्या तौफिकची टेस्ट गेल्या महिन्यात झाली. सत्तावीस मिळाले. फुशारकी केवढी! कॉफी पाजून प्रश्न काढून घेतले. पाच शब्द सांगतात, थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. जैतून, खिडकी, होडी, लाल, चमचा. ही कॉपी नव्हे. तयारी.

१२ ऑक्टोबर, शनिवार.
शब्द घोकत बाजारात गेलो. कुसकुससाठी मासे आणायचे होते, हरभरे आणले. दलिलाला सांगितलं, मासे ताजे नव्हते. (मासळीबाजारात गेलोच नव्हतो. पण नसतीलच ताजे.)

१४ ऑक्टोबर, सोमवार.
टेस्टमध्ये घड्याळाचं चित्र काढायला लावतात म्हणे. त्याचा सराव. आकडे चोवीस घातले. रेल्वेत असंच असतं. उद्या नर्सला समजावून सांगावं लागेल.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी.
टेस्ट झाली. पोरगेलीशी नर्स. भलतेच पाच शब्द म्हणाली! नवीन असेल, गोंधळली असेल, म्हणून गप्प बसलो. पुन्हा विचारल्यावर खणखणीत आवाजात सांगितलं : जैतून, खिडकी, होडी, लाल, चमचा. ती म्हणाली, "काका, हे शब्द मी दिलेच नव्हते." म्हटलं, "मुली, चूक तुझी आहे, पण मी तक्रार करणार नाही." तारीख विचारली, सव्वीस सांगितली. रिटायर्ड माणसाला तारखेचं काय काम?
एकोणीस मिळाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यावरून लगेच काही ठरत नाही, रक्त तपासू, झोपेचं बघू, पुढच्या वेळी घरच्या कुणाला घेऊन या. बाई बऱ्या आहेत. पेपर सदोष.
घरी सत्तावीस सांगितले. तौफिकइतकेच. नम्रपणे.

१६ ऑक्टोबर, बुधवार.
दलिलाने कॉफी पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "नर्सचा फोन आला होता. परवा साडेनऊला जायचंय. मीही येतेय."
म्हटलं, "तू कशाला? रस्ता मला पाठ आहे."
ती समोर बसली. मग म्हणाली, "मोंजी, उन्हाळ्यात तौफिकने तुला तीनदा घरी आणून सोडलं. एकदा बंदरावरून."
मला वाटायचं, तो गप्पा मारायला म्हणून बरोबर चालतो.
चिडणार होतो. पण तिने माझा कप पुन्हा भरला. म्हटलं, "बरं, चल." साडेनऊची वेळ कागदावर लिहून दे म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे. मी आहे ना."