सोडून दिलेल्या लाटा

बाबा, बेल्याच्या कचेरीतल्या तुमच्या पावसाच्या वहीवरून मी आठवडाभर डोकं धरून बसले आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी भांडायला मला तुम्हीच लागता. रोज सकाळी साडेआठला तुम्ही कचेरीच्या आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचात, वाकून डोळा रेषेला लावायचात आणि चार थेंब असले तरी लिहायचात. घरीही तीच सवय. दूधवाल्याचं दूध तुम्ही परत मोजायचात, तेव्हा आई चुलीपुढून म्हणायची की माझं लग्न झालेलं नाही, माझी तपासणी चालू आहे.

मला विशाखापट्टणमला लाटांच्या नोंदी ठेवायची नोकरी लागली, तेव्हा तुम्ही त्या वेळच्या अखंड आंध्राच्या बेल्याकडच्या मराठी टोकाहून समुद्राकडच्या टोकाला माझं काम बघायला आलात. समुद्र जन्मात पहिल्यांदा दिसत होता, पण त्याच्याकडे पाठ करून तुम्ही माझे कागद वाचत बसलात. मी सांगितलं की लाटांची उंची काढताना आम्ही सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांचीच सरासरी घेतो, जगभर हीच रीत आहे. तुम्ही चष्मा काढलात.

"बाकीच्या लाटा काऊन सोडून राह्यली? त्यायनं काय गुन्हा केला? आमच्या कचेरीत याले खोटी नोंद म्हनतेत."

मी पुष्कळ समजावलं, पण व्यर्थ. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात, मुलगी लबाडीचा पगार खाते अशा समजुतीतच गेलात. ते मला फार लागलं.

आता मी माझ्या नोकरीच्याही आधीपासूनच्या कित्येक वर्षांच्या लाटा एकत्र मांडते आहे. तिकडे दूर पॅसिफिक महासागर काही वर्षांनी तापतो. मग आपल्याकडचा मान्सूनचा वारा बहुधा लुळा पडतो, वारा लुळा म्हणून लाटा बुटक्या, आणि बेल्यात पाऊसही कमी. लाटांशेजारी तुमची वही ठेवली, तर वर्षामागून वर्ष जुळत गेलं आणि मी हरखले. फक्त एक वर्ष आडवं आलं. समुद्र तापलेला, लाटा बुटक्या, आणि तुमच्या वहीत पाऊस भरभरून. म्हटलं, बाबा, चुकीत सापडलात. त्या वर्षापुढे पेन्सिलीनं 'संशयास्पद' असं लिहिलं आणि आईला फोन लावला.

आई म्हणाली, "त्या साली नाला सडकेवर आलता. तुहे बाबा कमरेएवढ्या पान्यातून पाऊस मोजाले जायचे, काचेचं माप डोक्यावर धरून. मी म्हनलं, घरूनच लिवून टाका, लय पडला म्हनून. तं दोन दिवस बोलले नाई माह्याशी."

तरीही मी शेजारच्या तालुक्यांमधल्या मंडल कचेऱ्यांच्या वह्या मागवल्या, म्हणजे बघा, मुलगी कोणाची आहे. तिथेही तेवढाच पाऊस. समुद्र तापला म्हणून पावसानं दरवेळी त्याचं ऐकलंच पाहिजे असं नाही. हे मला शिकवलेलं होतं, पण त्या दिवशी आठवायचं नव्हतं. तुमचा आकडा खरा आहे, बाबा, आणि तो माझ्या तक्त्यात जसाच्या तसा जातो आहे.

तो शब्द मी खोडून टाकला. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. कारण तुमच्या आकड्यापुढे 'संशयास्पद' लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.