सुलभाची उपाशीपोटी गोळी

मंगळवार, संध्याकाळ

नाही गं बाई, जळतेय कशाला मी? शेजारच्या सुलभाला थायरॉईड, मलाही थायरॉईड. तीच गोळी, तीच तोंडावरची सूज. पण तिचा नवरा सकाळी उपाशीपोटी गोळी तिच्या हातावर ठेवतो. मग अर्धा तास तिला चहा नाही, म्हणून हाही पीत नाही. आज मी चिडवलं, "भावोजी, थायरॉईड नक्की कोणाला झालाय?"

"वहिनी, एकट्याला चहा जात नाही."

सुलभा मेली लाजली. अर्धा तास थांबतो तो. हे गेल्यापासून माझ्यासाठी कोण थांबलंय?

माझा रिपोर्ट बिघडलाय. डॉक्टरांनी विचारलं, तर म्हटलं, रोज घेते गोळी. खोटं बोलले. महिनाभर घेतलीच नाही. रिपोर्ट कळला की माजिवड्याला राहणाऱ्या मुलाने येऊन ओरडावं, म्हणून.