घरभेटीची वही

लालबाग, फेब्रुवारी १९५६

दत्तारामभाऊंस,

मी तुमच्या मंदाच्या बालवाडीची बाई. तुमच्या कुटुंबाने, वहिनींनी, तोंडी सांगितलेलं पत्र आत्ताच लिहून तुरुंगाच्या पत्त्यावरच्या पाकिटात घातलं. हे दुसरं त्यात जाणार नाही.

मंदा बालवाडीत घास घेईना, म्हणून मी चाळीत आले होते. वहिनींनी विश्वासाने सांगितलं की, चळवळीचं वॉरंट असलं तरी तुम्ही रोज तिन्हीसांजेला मागच्या जिन्याने येऊन तिला भरवता, आता ती जेवायला लागलीय. मला बरं वाटलं. घरभेटीच्या वहीत मी ते जसंच्या तसं लिहिलं, जिन्यासकट. आम्हाला तसंच शिकवलंय.

सोमवारी साध्या कपड्यातला एक पोलीस आमच्या वह्या चाळून गेला. त्याच संध्याकाळी तुम्हाला जिन्यावर धरलं. मंदा पुन्हा तोंड मिटून बसते.

चाळीतलं कोण फुटलं, ते वहिनी शोधतायत. समोरच्या बिऱ्हाडाशी त्यांनी बोलणं टाकलंय. वहीचं मी त्यांना सांगितलेलं नाही.

आज मजकूर सांगताना शेवटी म्हणाल्या, "लिवा, बाईंचा लय आधार हाय."

तेही मी लिहिलं. वहीतल्यासारखंच, जसंच्या तसं.

मंदाची बाई