रेखाचं लिंबूपाणी

मंगळवार, सांजच्याला

आजबी रेखानं भाकर घेतली न्हाई. तीन महिन्याचं लेकरू अंगावर पितंय अन् ही लिंबूपाण्यावर दिवस काढायलीय. मोबाईलमधी कोन बाई सांगती म्हणं, वजन उतरतंय.

मी म्हणलं, "अगं, बाळंतीण हायेस. दूध कुठून येईल?"

"माय, तूच डिंकाचे लाडू चारून ही गत केलीस."

जावई फोनवर म्हणायलाय, आधी बारीक हो, मग न्यायला येतो. आता माहेराला आलेल्या बाळंतिणीला चारू नये का? का खरंच मी लय चारलं?

काल वरणात गुपचूप तूप सोडलं. तिला वास आला. आजपासून तिनं आपलं पातेलं वेगळं मांडलं, दुधी उकडायला. माझ्या हातचं कायबी घेत न्हाई. लिंबूपाणी तेवढं चालू.

दूध आटलं. लेकरू दुपारपासून रडत होतं. शेवटी ह्यांनी ताडकळसहून पावडरच्या दुधाचा डबा आणला. लेकरानं गटागटा पेलं अन् झोपलं. रेखाबी त्याच्याशेजारी पडलीय, उपाशीच.

लेकराचं डब्यावर भागलं. माझ्या लेकराला मी काय देऊ?